पेल्याच्या बुडाची खूण

"...म्हणजे यातलं मूळ कुठलं आणि उरलेलं कुठलं, हे तुम्हांलाही माहीत नाही?"

सिस्टर अपोलिन यांचे डोळे मिटलेले होते. प्रश्न ऐकूनही ते उघडले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, दोन पेल्यांवरून हवेतच फिरवला आणि उजवीकडचा पेला उचलला.

"एक जाईल, एक राहील."

आणि त्यांनी तो केकच्या परातीत उपडा केला.

जोविता परातीवर वाकून बघत राहिली.

वसईच्या उत्तरेला, खाडीवरच्या टेकडीवर हा मठ. एकेकाळी इथे चाळीस सिस्टर होत्या म्हणे. आता दोघीच. फाटकाशी बसणाऱ्या ब्रिजित आणि स्वयंपाकघरातल्या अपोलिन. आणि तिसरं जिवंत काही असेल तर ते बरणीतलं खमीर. मठाचा पाया घातला त्या वर्षी ते पहिल्यांदा भिजवलं गेलं, आणि तेव्हापासून एकही दिवस उपाशी राहिलेलं नाही, असं सगळा किनारा सांगायचा.

जोविता तुस्कानो त्या बरणीसाठी आली होती.

सव्वीस वर्षांची मुलगी. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, तापट, आणि म्हाताऱ्या माणसांचं सावकाश बोलणं ऐकताना पायाचा अंगठा जमिनीवर आपटणारी. घरच्यांनी नोकरी कर म्हणून सांगितलं, तिनं बेकरी काढायची ठरवली. ताईच्या घराखालचा गाळा धुऊनपुसून तयार होता. पाटीही रंगवून झाली होती: 'सव्वाशे वर्षांच्या खमिराचा पाव'.

नव्हतं ते खमीरच.

तिनं स्वतः तीनदा लावलं होतं. पहिल्यावर बुरशी आली. दुसरं गुलाबी पडलं. तिसरं नुसतंच गप्प झालं, आणि का ते तिला तिच्या सगळ्या पुस्तकांत सापडलं नाही. तो तिसरा मार तिला जास्त लागला होता. "जिच्या हाताखाली पीठ जगत नाही, ती काय बेकरी काढणार," असं तिच्या आत्यानं चारचौघांत म्हटलं होतं. आत्याला उत्तर द्यायचं तर पाव फुगवूनच द्यायला हवं होतं.

सिस्टर अपोलिन यांनी तिला नाही म्हटलं नाही. महिनाभर राहा, म्हणाल्या. रोज उरलेल्या खमिराचा केक कर. जाताना दोनांतला एक पेला तुझा.

म्हाताऱ्यांची ही खोडच असते. वस्तू मागितली की काम सांगतात.

काम तसं सोपं होतं. खमिराला रोज ताजं पीठ-पाणी घातलं की ते वाढतं. रोज अर्धं काढलं नाही, तर आठवड्याभरात स्वयंपाकघर भरेल. म्हणून सकाळची प्रार्थना झाली की बरणी दोन पेल्यांत सारखी ओतायची. पेले एकाच साच्यातले, चिनी मातीचे, दोन्हींचेही कान तुटलेले. मग सिस्टर डोळे मिटून एक उचलणार. तो केकमध्ये जाणार. दुसरा परत बरणीत.

केकही साधाच. उरलेलं खमीर, मैदा, गूळ, चार अंडी, नारळाचं घट्ट दूध, किसलेलं जायफळ, चिमूटभर सोडा. चुलीवर जाड पातेलं, पातेल्यावर झाकण, झाकणावर निखारे. भाजून झाला की कापून फाटकाच्या कट्ट्यावर ठेवायचा. टेकडीखालच्या कोळणी बाजारातून येताना एकेक फोड उचलत आणि ताट पालथं घालून जात.

त्या डोळे मिटण्यानं मात्र जोविताचं डोकं उठत असे.

तिचं शास्त्र तिला सांगत होतं की दोन्ही पेल्यांत एकच आहे. पण पाटीवर 'सव्वाशे' रंगवलं होतं, आणि पाटी शास्त्राचं ऐकत नाही. शिवाय तिचा एक हिशेब होता. बरणीच्या तळाशी जे घट्ट बसतं ते जुनं. वर येतं ते कालचं, पोरकट. आणि या बाई सव्वाशे वर्षांचं जुनेपण आंधळी कोशिंबीर खेळावी तसं परातीत ओतत होत्या.

"डोळे उघडे ठेवले तर काय बिघडेल, सिस्टर?"

"माझा हात चुकेल."

"आणि मिटल्यावर चुकत नाही?"

"...गूळ किस, बाय."

तिनं गूळ किसला. पण दुसऱ्या दिवशी पेले मांडण्यापूर्वी तिनं एकाच्या बुडाला पेन्सिलीनं बारीकशी फुली मारली. तळाचं, घट्ट खमीर त्या पेल्यात ओतलं. वरचं दुसऱ्यात. निदान आपल्याला तरी कळू दे, काय कुठे जातंय.

सिस्टरनी डोळे मिटले. फुलीचा पेला उचलला.

बुधवारी तिनं तो डावीकडे ठेवला. सिस्टरनी डावीकडचा उचलला.

गुरुवारी उजवीकडे. उजवीकडचा उचलला.

शुक्रवारी तिनं जुनी फुली पुसून दुसऱ्याच पेल्यावर मारली, आणि सिस्टर डोळे मिटून बसल्यावर पेल्यांची जागा दोनदा बदलली. सिस्टरचा हात क्षणभर थांबला. मग वाट चुकलेल्या माणसाला घर सापडावं तसा सरळ फुलीवर गेला.

जोविता वहीत लिहीत राहिली. सात दिवस. सात वेळा. नाणं सातदा उडवून सातदा छापच पडावा, तसं. एकशे अठ्ठावीस माणसांत एखाद्याच्याच नशिबी ते येतं, हे तिला तोंडपाठ होतं. मीच ती एखादी असेन, असं तिनं वहीत लिहिलं. मग ते खोडलं.

आठव्या दिवशी तिनं खूण केलीच नाही. दोन्ही पेले घासून पुसले. ओतताना खमीर ढवळलं, तळाचं वरचं सगळं एक करून टाकलं. पेले ठेवले, हात मागे बांधले, आणि मनातल्या मनात फक्त म्हटलं, हा.

सिस्टरनी 'हा'च उचलला.

त्या दिवशी जोविताच्या हातून दोन अंडी फुटली.

दुपारी ती स्वयंपाकघराच्या मागे जाऊन बसली. तिथे आवळ्याखाली पाच क्रूस होते. आल्या दिवशी तिनं ते पाहिले होते, वाचले नव्हते. आज वाचले.

सिस्टर अपोलिन.

सिस्टर अपोलिन.

सिस्टर अपोलिन.

पाचांवर एकच नाव. खाली फक्त मरणाचं साल, प्रत्येकीचं वेगळं. जन्माचं एकावरही नाही. पाचव्या क्रूसाच्या पलीकडे जमीन सारखी केलेली होती आणि तिच्याभोवती दगड चुन्यानं रंगवून ठेवले होते.

तिनं फाटकाशी जाऊन ब्रिजितना विचारलं. त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"स्वयंपाकघराचं नाव आहे ते," ब्रिजित म्हणाल्या. "नाव म्हणजे काय गं, खुंटीवरचा एप्रन. जी घालील तिच्या मापाचा होतो."

मग आत्ताच्या अपोलिन यांचं स्वतःचं नाव काय, असं जोवितानं विचारलं. ब्रिजितनी पुढची शेंग उचलली.

"होतं बाई काहीतरी. मी तेव्हा नवीन होते... शिकलेली होती. फार घाईची. तीसुद्धा वाटीभर खमीर न्यायलाच आली होती."

आणि त्या हसून म्हणाल्या, "तुझ्यासारखाच अंगठा आपटायची."

जोवितानं अंगठा आत ओढून घेतला.

तिनं ठरवलं, झालं हे पुरे. रविवारी बेकरीचा आशीर्वाद होता, फादर येणार होते, आत्या येणार होती. चार दिवस राहिले होते. उद्या पेला मागायचा आणि निघायचं. पण कुठला पेला? जो आपण मूळ म्हणू तो केकमध्ये जातो. मग आपण घरी नेणार ते काय? आठवडाभर रोज उरलेल्याचं उरलेलं?

विचार करून करून तिला उपाय सुचला. शिकलेल्या माणसाला असे उपाय फार लवकर सुचतात.

सकाळी तिनं दोन्ही पेल्यांच्या बुडाला फुल्या मारल्या. सारख्या, ठळक. दोन्ही मूळ. आता कुठलाही उचला. बरणी दोहोंत ओतली, आणि नेहमीसारखी रिकामी बरणी चुलीवरच्या उकळत्या पाण्यानं धुऊन काढली. स्वच्छता तिच्या हाडीमाशी होती. सिस्टरनी तिला बरणी धू असं कधी सांगितलं नव्हतं, धुऊ नकोस असंही नाही.

सिस्टर बसल्या. डोळे मिटले. हात पुढे आला.

थांबला.

पेल्यांच्या वर, वीतभर उंचीवर, तो हात तसाच राहिला. बाहेर खाडीवर कुणीतरी होडी ढकलत होतं, तिचा वाळूवर घासण्याचा आवाज आला आणि बंद झाला.

"आज दोन्हींवर आहे," सिस्टर म्हणाल्या.

"काय?" जोविता म्हणाली.

सिस्टरनी दुसरा हातही पुढे केला. दोन हातांनी दोन पेले उचलले आणि दोन्ही परातीत उपडे केले.

जोवितानं त्यांचं मनगट धरलं, पण उशीर झाला होता. खमीर गुळावर पसरलं, नारळाच्या दुधात मिसळलं, त्याचे बुडबुडे एकेक करून फुटले. ती बरणीकडे धावली. बरणी लखलखत होती. आत बोट फिरवलं तर चर्र वाजलं. कडेला चिकटलेला एक कण जरी असता तरी तिनं त्यातून पुन्हा उभं केलं असतं. कण नव्हता. रोज सकाळी ती स्वतःच ते कण मारत आली होती.

ती काय काय बोलली ते तिला नंतर धड आठवलं नाही. सव्वाशे वर्षं तुम्ही एका केकात घातलीत, असं म्हणाली. तुम्ही म्हातारी माणसं काही देत नाही, देतो देतो म्हणून आमचा जीव तेवढा खाता, असंही म्हणाली. पिशवी भरली. दाराशी आणून आपटली.

सिस्टर अंडी फेटत होत्या.

"चूल विझतेय," त्या म्हणाल्या.

"विझू दे."

"भाजला नाही तर मात्र खरंच वाया जाईल."

ते तिला पटलं, आणि पटलं म्हणून अजून राग आला. तिनं लाकूड सारलं. पातेल्यावर झाकण ठेवलं, झाकणावर निखारे पसरले. रोज पाऊण तास लागायचा. आज वीस मिनिटांत वास सुटला. गुळाचा, जायफळाचा, आणि त्यांच्या खाली काहीतरी आंबट, माणसाच्या मानेपाशी येतो तसा उबदार वास. पातेल्यावरचं झाकण हळूहळू वर उचललं गेलं. निखारे एकेक घरंगळून चुलीत पडले.

केक पातेल्याबाहेर आला होता. मधोमध फाटलेला, सोनेरी.

सिस्टरनी आज तो कट्ट्यावर पाठवला नाही. सुरीही घेतली नाही. हातानं तुकडा मोडला आणि पुढे धरला.

"मला नको."

"मग हे सगळं कुठे ठेवू?" सिस्टरनी विचारलं. आवाजात खरीच अडचण होती, जागा नसलेल्या घरात पाहुणे आल्यावर असते तशी.

जोवितानं तुकडा घेतला.

तिनं महिनाभर हाच केक केला होता, पण अशी चव कधी आली नव्हती. गोड, मग आंबट, मग पुन्हा गोड. गिळला तेव्हा तो खाली गेला आणि काही वेळानं पोटात काहीतरी हलकेच वर आलं. फडक्याखाली पीठ येतं तसं. तिनं पोटावर हात ठेवला. मग ते बसलं.

"आता हात बुडव," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी धुतलेली बरणी पुढे सरकवली होती. आत नुसतं पीठ आणि पाणी.

"त्यानं काय होणार? नवं होईल. एका दिवसाचं. माझ्याकडे तसली तीन मेली."

"बुडव."

"आणि जोर धरायला आठवडा लागतो, सिस्टर. मी हे शिकवूही शकते."

"...शिकवशील."

तिनं हात बुडवले. पीठ गार होतं. बोटांमधून फिरवलं, नखांखाली गेलं. बाहेर काढताना तिला वाटलं, आतून कुणीतरी बोटं सोडायला किंचित उशीर केला.

त्या दिवशी ती निघाली नाही. शेवटची बोट गेली, असं तिनं स्वतःला सांगितलं. पिशवी दाराशीच राहिली.

सकाळी प्रार्थनेनंतर ती स्वयंपाकघरात आली तेव्हा बरणीवरचं फडकं फुग्यासारखं ताणलं होतं. तिनं ते काढलं. खमीर काठापर्यंत आलं होतं, जाळीदार, जिवंत, आणि वास तोच, कालच्या केकाखालचा. असं होत नाही हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवशी असं कधीच होत नाही. तिनं बरणी डोळ्यांजवळ नेली. आतले बुडबुडे एकदम नव्हे, एका लयीत फुटत होते. श्वासासारखे. तिनं स्वतःचा श्वास रोखला.

बुडबुडे थांबले.

तिनं श्वास सोडला, आणि ते पुन्हा फुटू लागले.

सिस्टर अपोलिन टेबलाशी बसल्या होत्या. त्यांच्या नखांच्या कडेला सुकलेल्या पिठाची पांढरी रेघ कायम असायची. कितीही धुतले तरी ती जात नाही, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. आज ती नव्हती. हात गुलाबी, धुतल्यासारखे, एखाद्या पाहुणीचे. खांद्यावर एप्रनही नव्हता.

जोवितानं आपले हात पाहिले. मग पदराला पुसावे तसे ते ओढणीला पुसले. पुन्हा पुसले. नखांकडेची पांढरी रेघ होती तिथेच राहिली.

"सिस्टर, हे जुनं आहे की नवं?"

सिस्टरनी दोन पेले मांडले. बरणी दोहोंत सारखी ओतली. पेले तिच्या बाजूला सरकवले.

"माझ्याकडे काय देताय? उचलता तुम्ही."

"आज तू."

"रविवारी माझी बेकरी आहे," जोविता म्हणाली. तिचा आवाज तिलाच लहान वाटला. "एक पेला माझा, असं तुम्ही म्हणाला होतात. मी एक उचलते आणि जाते. चालेल ना?"

"डोळे मीट."

तिनं मिटले.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग सपातांचा, सावकाश, टेबलापासून दूर. मग दाराशी कुणीतरी तिची पिशवी उचलली, तिचा पट्टा खांद्यावर अडकवल्याची कुरकुर ऐकू आली.

तिनं घाईनं हात पुढे केला, दोहोंतला जवळचा पेला चाचपला. हाताला पेला लागला नाही. पेल्यावर ठेवलेला एक हात लागला. कोरडा, गार, पिठानं माखलेला. तिनं दुसरा पेला चाचपला. त्यावरही एक हात होता, पहिल्याहून म्हातारा.

"सिस्टर," ती पुटपुटली, "तुम्ही हात काढा ना."

उत्तर दारातून आलं.

"एक जाईल, एक राहील. घाई करू नकोस, अपोलिन."